एका खुळाची थोरवी

रात्री अकरानंतर औशाची बाजारपेठ निजलेली असते. तेव्हा एखाद्या पतसंस्थेच्या नाहीतर कॉलेजच्या मागच्या खोलीत सर्व्हर सांभाळणारा एक खुळा जागा असतो. वेबसाइट उघडतेय, खातेदाराला शिल्लक दिसतेय, तक्रार कुणाचीच नाही. तरी हा बॅकअप घेतो, अपडेट चढवतो, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करतो आणि पहाटेपर्यंत लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, वाचतो. "चालू हाय की, मग कशाला हात लावायलास?" हे त्यानं किती वेळा ऐकलं असेल! त्याच्या या खुळाची मला स्तुती करायची आहे, आणि तीही मनापासून.

त्याचं पहिलं खूळ म्हणजे न दिसणाऱ्या चोराचं भय. सर्व्हर इंटरनेटला जोडला की थोड्याच वेळात आपोआप चालणारे प्रोग्रॅम त्याची दारं चाचपू लागतात. 'रूट', 'अ‍ॅडमिन' अशी नावं आणि सोपे पासवर्ड लावून बघतात. औसा नकाशात कुठं आहे, हे त्यांना ठाऊक नसतं आणि त्यावाचून त्यांचं अडतही नाही. "आमच्याकडं काय हाय न्यायला?" असं विचारणाऱ्याचंही दार ते ठोठावतातच. म्हणून हा नको असलेले पोर्ट बंद करतो आणि पासवर्डाऐवजी किल्लीफाइल वापरतो.

दुसरं खूळ घाईचं. सुधारणा जाहीर झाली की भोक कुठं होतं, हे चोरालाही कळतं आणि त्या दिवसापासून शर्यत लागते. मायक्रोसॉफ्टनं विंडोजमधल्या एका भोकाचं ठिगळ 14 मार्च 2017 ला दिलं. 12 मे रोजी 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर व्हायरस त्याच भोकातून जगभर शिरला. पुढं 27 जूनला तेच भोक वापरणारा दुसरा व्हायरस 'नॉटपेट्या' आला आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या, मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. ठिगळ येऊन तेव्हा साडेतीन महिने झाले होते.

तिसरं खूळ संशयाचं. नॉटपेट्या युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच आत आला होता, आणि चोरलेल्या पासवर्डांच्या जोरावर ठिगळ लावलेल्या यंत्रांवरही पसरला. म्हणून आमचा खुळा अपडेट आधी वेगळ्या यंत्रावर चालवून बघतो, सगळ्या चाव्या एकाच हातात देत नाही आणि बॅकअपची एक प्रत जाळ्यापासून तोडून ठेवतो. मर्स्कच्या जाळ्याचा कणा असलेली माहिती शेवटी घानातल्या एका सर्व्हरवर सापडली. हल्ल्याआधी तिथली वीज गेली होती, म्हणून ती वाचली. एवढ्या मोठ्या कंपनीला गेलेल्या विजेनं तारलं. आमचा खुळा मात्र दैवावर भिस्त ठेवत नाही.

चौथं खूळ लॉग वाचण्याचं. 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांत सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेनं 180 दिवसांचे लॉग जपायला आणि घुसखोरी कळल्यापासून 6 तासांत खबर द्यायला सांगितलं आहे. लॉग कधी उघडलेच नाहीत, तर घुसखोरी कळणार कशी?

औशाचा किल्ला भुईकोट. डोंगराचा आसरा नाही, म्हणून त्याला खंदक आहे आणि दुहेरी तटबंदी आहे. पण खंदक नुसता खणून भागत नाही, त्यातला गाळ वेळोवेळी उपसावा लागतो, तोही शत्रू दिसत नसताना. आमच्या खुळ्यासारखंच उपसणाऱ्याचं नाव कुठल्याच शिलालेखात येत नाही, कारण त्याचं काम नीट झालं की काहीच घडत नाही.

संचालकहो, प्राचार्यहो, गावच्या खुळ्याला महिन्यातली एक रात्र सर्व्हर बंद ठेवायला द्या आणि अंदाजपत्रकात त्याच्या कामासाठी एक ओळ राखा. आणि उद्या सकाळी त्याला एवढंच विचारा: "शेवटचं अपडेट कधी केलं, आणि तुला काय पाहिजे?"