ट्रॅक्टरच हाये ना शेवटी!

ट्रॅक्टर-मिस्तरी नावाच्या माणसाची वाचकांना नव्याने ओळख करून द्यायला नको. गोदाकाठच्या प्रत्येक गावात तो असतो, आणि निफाड तालुक्यातल्या सायखेड्यात तर कांद्याच्या लिलावाला येणाऱ्या ट्रॉल्यांमुळे त्याला मान वर करायला फुरसत नसते. तरीही जगातल्या प्रत्येक यंत्राबद्दल त्याचं मत तयार असतं, आणि ते एकच असतं. पिठाची गिरणी बंद पडो, दवाखान्यातली खाट वरखाली व्हायची थांबो, जावयाच्या नव्या गाडीचं स्टिअरिंग जड होवो, तो फडक्याला हात पुसत म्हणतो, "त्याच्यात काय? ट्रॅक्टरच हाये ना शेवटी!" याच निफाड तालुक्यात ओझरला सुखोई विमानं जोडली जातात. विमान वर गेल्यावर चाकं पोटात कशी ओढून घेतली जातात असं कुणी कौतुकाने विचारलं, तर मिस्तरीच्या चेहऱ्यावर कणव दिसते. लिफ्ट असते ती. ट्रॅक्टरच. हे ऐकून समोरचा चिडतो, कारण समोरच्याला विमानाबद्दल बोलायचं असतं. पण विमानाची चाकं खरोखरच ट्रॅक्टरच्या लिफ्टसारखी हायड्रॉलिकवर, म्हणजे ऑइलच्या दाबावर, हलतात, आणि या माणसाशी वाद घालण्यातली अडचण तिथूनच सुरू होते.

त्याचं विधान तपासायचं तर विमानापेक्षा बोटीची मोटर बरी, कारण तिच्याशी सायखेड्याचा जिवाचा संबंध आहे. खाली नांदूर मध्यमेश्वरचा शंभरी ओलांडलेला बंधारा, त्यात साचलेला गाळ, वरून गंगापूर आणि दारणा धरणांचं पाणी; मधल्या सायखेडा-चांदोरीत २००८, २०१६ आणि २०१९ साली गोदावरी, म्हणजे गावाची गंगा, बाजारपेठेत शिरली. (त्याच गाळपेरावर पक्षी येतात आणि त्या जागेला आंतरराष्ट्रीय पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला, गावाला गाळच मिळाला.) अशा पुरात बोट लागते आणि बोटीच्या पाठीला बाहेरून लावलेली मोटर लागते. मोठ्या मोटरीला बटणावर वरखाली करणारी हायड्रॉलिक यंत्रणा असते. बोट पळत असताना मोटरीचा कोन थोडा बदलणं म्हणजे ट्रिम, आणि मोटर पार पाण्याबाहेर उचलणं म्हणजे टिल्ट. शहरातल्या माणसाला ही चैन वाटेल. पण इथे पुराबरोबर पाणवेलींचे गालिचे येऊन पुलाला अडकतात, पंख्याला गुंडाळतात, आणि पाण्याखाली द्राक्षबागांचे अँगल आणि तारा असतात. मोटर झटकन वर घेता आली नाही तर बोट बागेतच अडकते, आणि छपरावर बसलेली माणसं तिकडे वाट बघत राहतात.

आता यंत्र उघडून बघू. उलटसुलट फिरणारी छोटी विजेची मोटर, तिच्याखाली पंप, ऑइलची टाकी, दोन-चार व्हॉल्व्ह आणि सिलिंडर. एवढंच. रात्री वर उचलून ठेवलेली मोटर सकाळी खाली बसलेली दिसली, की मिस्तरी न वाकता सांगतो, "लिफ्ट बसती तुमची." आणि खरंच सिलिंडरचं सील गेलेलं असतं किंवा व्हॉल्व्हखाली कचरा अडकलेला असतो. पंपाचा आवाज येतो पण मोटर उचलत नाही. तर ऑइल कमी, नाहीतर हाताने उचलण्यासाठी दिलेला स्क्रू कुणीतरी ढिला करून विसरलेला. नुसताच टक्क असा आवाज. तर रिले, कार्बन किंवा सडलेली वायर. ऑइल दुधाळ झालं. तर पाणी शिरलं. यातला एकही रोग ट्रॉलीच्या जॅकला किंवा लिफ्टला नवा नाही. इतिहासही दुर्दैवाने त्याच्याच बाजूचा आहे. एव्हिनरूड नावाच्या माणसाने १९०९ मध्ये बोटीची मोटर विकायला काढली तेव्हा ती हातानेच उचलावी लागे. फर्ग्युसनची हायड्रॉलिक लिफ्ट फोर्डच्या ट्रॅक्टरवर १९३९ मध्ये आली, आणि पाण्यातल्या मोटरीला हे सुख त्यानंतर मिळालं.

यावर जाणकार आक्षेप घेतील. ट्रॅक्टरची लिफ्ट ऑइलने वर जाते आणि अवजाराच्या वजनाने खाली येते. बोटीच्या मोटरीला खालच्या दिशेनेही ऑइलचा दाब धरून ठेवावा लागतो, नाहीतर रिव्हर्स टाकताच पंखा मोटरीला पाण्याबाहेर फेकेल. आक्षेप बिनतोड आहे. मिस्तरी त्यावर फक्त "पलटी नांगर" असे दोन शब्द उच्चारतो. पलटी नांगराचा सिलिंडर दोन्हीकडून दाब घेतो. बरं, मोटर ओंडक्यावर आपटली तर आतल्या धक्का-व्हॉल्व्हमुळे ती आपोआप वर उडते आणि परत जागेवर येते, ते ट्रॅक्टरला कुठे आहे? "स्प्रिंगचा कल्टिव्हेटर दगडावर काय करतो मग?" या माणसाला हरवायचं तर ऑइलवर गाठावं. तो ट्रॅक्टरच्या डब्यातलं जाड ऑइल ओततो. या इवल्या पंपाला कंपनीने सांगितलेलं पातळ ऑइलच लागतं. शिवाय मोटर खाली असताना टाकीचं झाकण उघडलं तर दाबाखालचं ऑइल तोंडावर उडतं. मोटर पूर्ण वर घेऊन, टेकू लावून मगच झाकण उघडायचं असतं. हे पुस्तकात लिहिलेलं असतं. पुस्तक तो वाचत नाही, कारण ट्रॅक्टरचंही त्याने वाचलेलं नाही.

पण खरा फरक ऑइलचा नाही, वापराचा आहे, आणि तिथे दोष मिस्तरीकडे जात नाही. ट्रॅक्टरची लिफ्ट रोज चालते, म्हणून तिचं सील ओलं आणि जिवंत राहतं. सरकारी बोट तीन-तीन वर्षं ताडपत्रीखाली पडून असते. रबर कडक होतं, दांड्यावर गंज चढतो, उंदीर वायरी खातात, आणि कागदावर दर मे महिन्यात "बोट : चालू स्थितीत" अशी नोंद होत राहते. मग पाणी चढल्यावर मिस्तरीची आठवण होते. त्याचं स्वतःचं गॅरेज बाजारपेठेतल्या सखल जागी, म्हणजे बुडणाऱ्यांत पहिलं. पाने आणि जॅक पाण्याखाली जात असताना हा माणूस कमरेइतक्या पाण्यात उभा राहून दुसऱ्यांच्या बोटीचा रिले बदलत असतो, आणि मजुरीचं तेव्हा बोलत नाही. पूर ओसरल्यावर त्याने मजुरी मागितली तर त्याला तीन दरपत्रकं आणायला सांगतात. बिलावर तो सवयीने "ट्रॅक्टर लिफ्ट दुरुस्ती" असं लिहितो, आणि लेखापरीक्षक शेरा मारतो की विभागाकडे ट्रॅक्टर नसताना हा खर्च कसा झाला. त्याच्या सिद्धांताला आजवर एवढा एकच माणूस पुरून उरला आहे.

तेव्हा ज्यांच्या ताब्यात अशी जुनी बोट आहे त्यांनी वैशाखातच ताडपत्री काढावी, मिस्तरीला बोलवावं, योग्य ऑइलचा डबा आपणच आणून त्याच्या हातात द्यावा. आतली हवा निघेपर्यंत मोटर वरखाली करून घ्यावी, रात्रभर वर ठेवून सकाळी बसली का ते पाहावं, आणि मजुरी त्याच दिवशी रोख द्यावी. धरणांतून सोडलेलं पाणी काही तासांत सायखेड्याच्या पुलाशी येतं. जुन्या मोटरीचं सील किट तेवढ्यात येत नाही.