जुळवून घेतलं, पण कुणी?

टोकियोत नोकरी लागली की मराठी घरात पेढे येतात आणि पेढ्यांपाठोपाठ सुस्कारा येतो. 'तिकडे जुळवून घेणं फार अवघड असतं हो.' अजून विमानाचं तिकीटही निघालेलं नसतं.

चिरंजीव जातात कुठे? एदोगावा वॉर्डात. मेट्रोच्या तोझाई मार्गाने निशी-कसाईला. तिथे मनासारखं घर मिळालं नाही तर एक स्टेशन पुढे, कसाईला उतरून हिगाशी-कसाईत. जवळपास तूरडाळ मिळते, हिंग मिळतो, मुलांना सीबीएसईची शाळा मिळते. शहरात टोकियो मराठी मंडळ आहे, म्हणजे गणपतीचीही सोय आहे.

मग जुळवून घ्यायचं कशाशी? लोणच्याच्या ब्रँडशी?

खरं जुळवून घेतलं ते आधीच्यांनी. जगमोहन चंद्राणी नावाचे चहाचे व्यापारी १९७०च्या दशकाच्या अखेरीस या भागात राहायला आले, तेव्हा इथे भारतीय शोधावा लागे. पुढे २००० सालाच्या संगणकी धास्तीने आपले इंजिनिअर आले. त्यांना घर द्यायला मालक तयार होईनात. चंद्राणींनी मध्ये पडून घरं मिळवून दिली, जेवणाची सोय केली. त्या पिढीने वाट पाडली. आजची पिढी त्याच वाटेवर रील काढते आणि खाली लिहिते, 'संघर्ष'.

योगेंद्र पुराणिक पुण्यात शिकले, जपानी झाले आणि २०१९ साली याच वॉर्डाच्या सभागृहात निवडून गेले. जपानमध्ये निवडणूक जिंकणारा पहिला भारतीय वंशाचा माणूस म्हणून तेव्हा बातम्या झाल्या. आपल्या लोकांनी अभिमानाने त्या पुढे ढकलल्या. पुण्यातल्या स्वतःच्या नगरसेवकाचं नाव त्यांतल्या किती जणांना सांगता आलं असतं?

घरभाड्याची गंमत वेगळीच. अनामत रक्कम समजू शकते. पण जपानमध्ये अनेक ठिकाणी घरमालकाला 'आभाराची' रक्कमही द्यावी लागते, आणि ती परत मिळत नाही. वर जामीनदार. आपल्या मंडळींनी यावर यूआर या निमसरकारी संस्थेच्या इमारती शोधून काढल्या. आभाराची रक्कम नाही, दलाली नाही, जामीनदार नाही. त्यामुळे इमारत जपानी, पण जिन्यात फोडणीचा वास.

आता ऑफिस. मुलाखतीत अल्गोरिदम विचारतात. नोकरीत विचारतात, 'हे आधी का कळवलं नाही?' काम कुठवर आलं ते सांगा, बदल झाला तर कळवा, अडलं तर विचारा. या तिन्हींचं मिळून 'होरेन्सो'. हिंजवडीत साहेबाला न विचारता काम उरकलं की शाबासकी. टोकियोत तेच केलं की बैठक.

आणि त्या बैठकीत निर्णय होत नाही. तो आधीच झालेला असतो, एकेकाला गाठून, कानात सांगून. नवखा इंजिनिअर यामुळे हबकतो म्हणे. का? सहकारी साखर कारखान्याची वार्षिक सभा पाहिलेल्या महाराष्ट्राच्या पोराला यात नवं काय वाटावं?

प्रवासाचंही तेच रडगाणं. करोनाच्या आधी तोझाई मार्गावर किबा ते मोनझेन-नाकाचो या टप्प्यात सकाळची गर्दी क्षमतेच्या १९९ टक्के होती. देशात सर्वाधिक गर्दीच्या टप्प्यांत त्याची गणना. हे ऐकून डोंबिवलीकर एवढंच विचारतो, 'म्हणजे दार बंद होतं ना?'

होतं. गाडीला उशीर झाला तर रेल्वे तसा दाखलाही देते. आपल्याकडे तो वाटायचा ठरवला तर कागद पुरायचा नाही.

जलद गाडी कसाईला थांबत नाही. स्टेशनातून धाडधाड निघून जाते, आणि तीही डोक्यावरून. कारण इथे मेट्रो जमिनीखाली नाही, खांबांवर आहे. त्याच खांबांखाली, हिगाशी-कसाईच्या हद्दीत, मेट्रोने संग्रहालय थाटलंय. १९२७ साली धावलेला टोकियोच्या भुयारी रेल्वेचा पहिला डबा तिथे आहे. भुयारी रेल्वेचं संग्रहालय पुलाखाली! आपण केलं असतं तर अग्रलेख आले असते.

स्टेशनसमोर जमिनीखाली सायकलतळ आहे. ९,४०० सायकलींचा. त्यातल्या बहुतेक यंत्र स्वतः आत नेतं, स्वतः बाहेर आणून देतं. सरासरी २३ सेकंदांत.

पुण्यालाही सायकलींचं शहर म्हणत. म्हणत.

कचऱ्याबद्दल लिहिणार नव्हतो, कारण जपानला गेलेला प्रत्येक जण तेवढंच लिहितो. पण जुना सोफा घ्या. आपल्याकडे भंगारवाला त्याचे चार पैसे देतो. टोकियोत तो टाकायला आपण पैसे मोजायचे, २०० आणि ३०० येनचे स्टिकर आणून चिकटवायचे, वेळ घेऊन ठेवायची. मग कळतं की सोफा तसा बराच आहे अजून.

आता पगार. २०१२च्या सुमारास एका येनला ७० पैशांच्या आसपास मिळत. २०२४च्या जुलैत जेमतेम ५२. म्हणजे बढती टोकियोत होते आणि कपात गावी पोचते.

त्यात दुसऱ्या वर्षीचा जून. रहिवासी कर आदल्या वर्षीच्या कमाईवर असतो, म्हणून पहिल्या वर्षी तो लागतच नाही. साहेब खुशीत मोठा टीव्ही घेतात. पुढच्या जूनपासून करपात्र उत्पन्नाच्या साधारण दहा टक्के हिशेबाने कापणी सुरू. मग 'जपान महाग झालंय' अशी गंभीर चर्चा. जपान आहे तिथेच आहे. नियम वाचला नव्हता.

वाचण्यावरून आठवलं. २०१९ साली एदोगावा वॉर्डाने पुराचा नकाशा छापला. वॉर्डाचा जवळपास ७० टक्के भाग समुद्राच्या भरतीच्या पातळीखाली. मुखपृष्ठावर वॉर्डाने काय लिहावं? इथे थांबू नका! महापूर येणार असेल तर वॉर्ड सोडून दुसरीकडे जा.

पालिकेने इतकं खरं बोलायचं असतं? आपल्याकडे पूररेषा बिल्डरचं मन राखत वळते. तरी नकाशा बघून कुणी हललं नाही. चांगली शाळा जवळ आहे ना!

तर मग जुळवून घेतं कोण?

ती घेते. हिंजवडीत नवऱ्याइतकंच कमावणारी, चार जणांची टीम हाकणारी. नवऱ्याच्या व्हिसावर 'आश्रित' म्हणून उतरते आणि जपान तिला सांगतं, वेगळी परवानगी काढ, मग आठवड्याला २८ तासांपर्यंत काम कर. त्याच्या वर नाही. स्वतःची नोकरी मिळाली तर व्हिसा बदलता येतो, हे खरं. पण नोकरीला जपानी हवं, जपानीला क्लास हवा, आणि क्लासच्या वेळी मूल कुणी सांभाळायचं? सासूबाई ९० दिवसांच्या व्हिसावर आल्यात. त्यातले निम्मे साकुरा बघण्यात गेले.

ऑफिसात त्याच्या शेजारी बहुधा एखादा मराठी नाहीतर तेलुगू सहकारी असतोच. बालवाडीची जपानी चिठ्ठी ती एकटी वाचते. मुलाला ताप आला की डॉक्टरला हातवाऱ्यांनी तीच सांगते. कुठला कचरा कुठल्या वारी, हे तिला पाठ. त्याला अजून फ्रिजवरचा तक्ता बघावा लागतो.

सुट्टीत गावी आल्यावर सत्कार मात्र त्याचा. 'परक्या देशात किती जुळवून घेतलंस रे!' तोही नम्रपणे मान हलवतो. ती चहाचे कप उचलत असते. गावी २८ तासांची मर्यादा नाही.

२०२५च्या ऑगस्टमध्ये दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी ठरवलं की पाच वर्षांत पाच लाख माणसांची ये-जा करायची, त्यात भारतातून ५० हजार कुशल माणसं जपानला. जपानची बुलेट ट्रेन २०२२ साली आपल्याकडे धावणार होती. ती येईपर्यंत आपली माणसं तिकडे जातील, हा व्यवहार चांगला आहे.

फक्त एक विचारायचं राहिलं. त्या ५० हजारांच्या बायकाही कुशलच असणार. त्या या आकड्यात धरल्यात, की नवऱ्याच्या सामानात?