सरसेनापती सैन्याचा, देशाचा नव्हे

युद्ध पेटलं की अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला वाटेल ते करता येतं, हा समज घट्ट रुजलाय. घटनेत त्याला आधार नाही. तिच्या दुसऱ्या कलमात राष्ट्राध्यक्ष लष्कराचा आणि नौदलाचा सरसेनापती आहे. युद्ध पुकारणं, सैन्य उभारणं, त्याला पैसा पुरवणं ही कामं पहिल्या कलमाने काँग्रेसकडे दिली आहेत.

हॅरी ट्रुमन यांनी ही रेघ ओलांडून पाहिली. कोरियात लढाई चालू होती आणि पोलाद कामगारांचा संप काही तासांवर आला होता. ८ एप्रिल १९५२च्या रात्री हुकूम निघाला : वाणिज्यमंत्री चार्ल्स सॉयर यांनी पोलाद कारखाने ताब्यात घ्यावेत. कंपन्यांचे अध्यक्ष आपापल्या खुर्चीत राहिले, पण सरकारचे व्यवस्थापक म्हणून. टाफ्ट-हार्टली कायद्यात संप ८० दिवस रोखण्याची सोय होती. ट्रुमन यांनी ती वापरली नाही. कारखाने ताब्यात घेण्याचा अधिकार तर १९४७ साली हा कायदा करतानाच काँग्रेसने नाकारला होता.

२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी हुकूम रद्द ठरवला. सगळे नऊ न्यायाधीश रूझवेल्ट किंवा ट्रुमन यांनीच नेमलेले होते. ट्रुमन यांचे माजी ॲटर्नी जनरल टॉम क्लार्क यांनीही त्यांच्या विरोधात मत दिलं. न्या. रॉबर्ट जॅक्सन यांनी मोजमाप आखून दिलं : काँग्रेस पाठीशी असेल तर राष्ट्राध्यक्षाचा अधिकार सर्वांत भक्कम, ती गप्प असेल तर संदिग्ध, विरोधात असेल तर सर्वांत दुबळा. जर्मनीच्या वायमार घटनेतलं आणीबाणीचं कलम १३ वर्षांत अडीचशेहून जास्त वेळा वापरलं गेलं आणि शेवटी हिटलरच्या कामी आलं, हेही त्यांनी सुनावलं. ट्रुमन यांनी निकाल मानला, कारखाने परत केले.

न्यायालयाने आपलं काम चोख केलं. काँग्रेसने मात्र कच खाल्ली. तिने शेवटचं युद्ध पुकारलं ते जून १९४२मध्ये. कोरिया, व्हिएतनाम, इराक इथे औपचारिक घोषणा झालीच नाही. १९७३ साली निक्सन यांचा नकाराधिकार मोडून तिने कायदा केला : सैन्य लढाईत उतरवलं तर ४८ तासांत कळवा, मंजुरी नसेल तर ६० दिवसांत थांबा. २०११ साली लिबियात ६० दिवस उलटले, तेव्हा ओबामा सरकारने ही त्या कायद्याला अभिप्रेत असलेली लढाईच नव्हे, असं सांगितलं आणि हवाई मोहीम चालू ठेवली. काँग्रेसला ती थांबवता आली नाही.

आपल्या हातून निसटणारी सत्ता फक्त काँग्रेसच रोखू शकते, असं जॅक्सन यांनी त्या निकालातच बजावलं होतं. म्हणून अमेरिकेत मतदान करणाऱ्या प्रत्येकाने, तिथल्या मराठी मतदारानेही, आपल्या प्रतिनिधीला एकच प्रश्न विचारावा : मागच्या युद्धाच्या वेळी मतदान घ्या, असं सभागृहात उभं राहून तुम्ही म्हणालात का? उत्तर 'नाही' आलं, तर पुढच्या निवडणुकीत त्याला घरी बसवा.