हौशी ब्रीडरने आपला परिचय कसा करून द्यावा (कोल्हापूर शहर व परिसरासाठी)

कुत्र्यांची पैदास धंद्यासाठी करणारा आणि हौसेने करणारी यांतला फरक हिशेबाच्या वहीत दिसतो. धंदेवाल्याच्या वहीत जमेची बाजू असते. हौशी ब्रीडरच्या घरात वहीच नसते, कारण ती घरच्यांच्या हाती लागण्याची भीती असते. परिचय देताना हा फरक पहिल्या वाक्यातच स्पष्ट करावा. कोल्हापुरात धंद्याकडे लोक संशयाने पाहतात, नादाकडे आदराने. म्हशीचा नाद, फुटबॉलचा नाद, तालमीचा नाद यांच्या रांगेत कुत्र्यांचा नाद सहज बसतो. एकच अट आहे, तो पहाटे चारला भुंकता कामा नये.

पुढे स्वतःचे नाव सांगावे, मात्र त्यावर फार विसंबू नये. गल्लीत ते कोणाला ठाऊक नसते. तेथे ती ‘शेराची मम्मी’ म्हणूनच ओळखली जाते, आणि शेरा वारला तरी हे पद पुढच्या कुत्र्याच्या नावे आपोआप वर्ग होते. शिक्षण, नोकरी, सासर-माहेर हे सगळे अर्ध्या वाक्यात उरकावे. वंशावळ सांगायची ती कुत्र्याची. पणजोबाचे नाव विचारल्यावर अडखळणाऱ्या घरात कुत्र्याचे आजोबा, पणजोबा आणि त्यांनी कोणत्या शोमध्ये काय जिंकले हे कागदोपत्री हजर असते. तो कागद लॅमिनेट करून दिवाणखान्यात लावण्याची पद्धत आहे.

आवडत्या जातींत कारवानीला पहिला मान द्यावा. बाहेरून आणलेल्या जातीचे कौतुक कोणीही करतो. कारवानी मात्र दख्खनच्या माळावरची आहे. तिचाच अंगावर मऊ, लांब केस असलेला प्रकार म्हणजे पश्मी. नावाचा वाद उकरू नये. एका श्वानसंस्थेच्या कागदावर ती कॅरॅव्हान हाउंड आहे, दुसरीच्या कागदावर मुधोळ हाउंड, आणि कुत्रे दोन्ही नावांना सारखेच दुर्लक्षून झोपते. मुधोळ आज कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात असले, तरी संस्थान घोरपड्यांचे होते. राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची पैदास जाणीवपूर्वक वाढवली आणि एक जोडी पंचम जॉर्ज बादशहाला भेट दिली. 2005 साली टपाल खात्याने तिकीट काढले, 2016 साली पिल्ले प्रशिक्षणासाठी लष्कराच्या मेरठच्या केंद्रात गेली, 2020 साली ‘मन की बात’मध्ये नाव आले. ही सर्व माहिती एका दमात द्यावी. बादशहा, लष्कर आणि पंतप्रधान पाठोपाठ ऐकल्यावर शेजारी तक्रार निदान आठवडाभर पुढे ढकलतात.

घरातल्या ज्येष्ठांना याच वेळी सशाच्या शिकारी आठवतात. शाहू महाराजांचे शिकारी चित्ते अभिमानाने सांगणाऱ्या गावात हे व्हायचेच. त्यांना चहा द्यावा आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याकडे हळूच वळवावे.

सर्वांत अवघड भाग फासळ्यांचा. कसलेल्या कारवानीची छाती खोल, पोट आत ओढलेले, कंबर बारीक आणि शेवटच्या दोन-तीन फासळ्या दिसणाऱ्या असतात. लांबून नजरेने सावज हेरून त्यामागे सुसाट पळण्यासाठीच ही बांधणी आहे. पण तिसऱ्यांदा रस्सा वाढल्याशिवाय पाहुण्याला उठू न देणाऱ्या शहरात दिसणारी फासळी म्हणजे घराण्याची बेअब्रू. “काय वो वहिनी, खायला घालत न्हाई काय?” हा प्रश्न वर्षानुवर्षे त्याच लोकांकडून त्याच सुरात येतो. “हा पैलवान नाही, धावपटू आहे,” हे उत्तर पाठ असावे. त्याने समाधान होत नाहीच, कारण या गावाने मैदान बांधले ते पैलवानांसाठी. मग कुत्र्याला बंदिस्त मोकळ्या जागेत पळवून दाखवावे. बंदिस्त हा शब्द येथे महत्त्वाचा : मांजर दिसल्यावर कारवानीला स्वतःचे नाव ऐकू येत नाही.

शंका फिटली तरी पाहुण्याचा जीव राहत नाही. तो टेबलाखालून रश्श्यातले हाड सरकवतो. शिजवलेले हाड तडकून घशात-आतड्यात टोचते आणि कांदा-लसूण मसाल्यातले दोन्ही मुख्य घटक कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींना घातक असतात. त्यामुळे पाहुण्यांना जेवताना कुत्र्यापासून दूर बसवावे. कुत्र्याला दूर बसवण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. अंगावर चरबी जवळपास नसल्याने या जातीला भूल जपून द्यावी लागते, ही गोष्ट डॉक्टरांना आठवणीने सांगावी. नातेवाइकांना सांगू नये, ते पुन्हा फासळ्यांवर येतात.

इतर जाती थोडक्यात आटपाव्यात. डॉबरमन एका जर्मन करवसुली अधिकाऱ्याने तयार केला, एवढ्यावर त्याचा स्वभाव लक्षात येतो. लॅब्रॅडॉरमध्ये दोन जेवणांच्या मध्येही भूक लावत राहणारा जनुकीय दोष बऱ्याच प्रमाणात आढळतो. कोल्हापुरात तो दोष न वाटता संस्कार वाटतो. गल्लोगल्ली ‘पॉमेरियन’ म्हणून नांदणारे पांढरे कुत्रे बहुधा इंडियन स्पिट्झ असते. ‘हम आपके हैं कौन’मधला टफी त्याच जातीचा. मालकिणीला हे तोंडावर सांगू नये. हस्कीबद्दल विचारणा झाल्यास एसीचे बिल दाखवावे.

लग्नसमारंभांना का येता येत नाही, हेही परिचयातच सांगून टाकावे. कुत्री माजावर आली की गल्लीतले सगळे मोती आणि टायगर फाटकापाशी मुक्काम ठोकतात. गाभण राहिल्यापासून साधारण 63 दिवसांनी ती विते, आणि तो दिवस भावकीतल्या हळदीचाच निघतो. वीत असताना रात्रभर जागावे लागते, सकाळी “किती झाली?” असे फोन येतात, बाळंतिणीचे कोणी विचारत नाही.

नियम सांगताना आवाज किंचित खाली आणावा. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार पिल्ले विकणाऱ्या ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. कुत्री किमान 18 महिन्यांची हवी, लागोपाठच्या दोन माजांना भरवता येत नाही, आयुष्यात पाचांहून अधिक वेते घेता येत नाहीत आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही. “आमचं हौसेचं हाय” म्हटल्याने यातला एकही नियम सैल होत नाही.

पिल्लू मागायला आलेल्याची चौकशी कसून करावी. दिवसभर घरी कोण असते? जुलैच्या पावसात कुत्रे पळणार कुठे? “गच्चीवर” असे उत्तर आल्यास चहा देऊन रवाना करावे. सगळी पिल्ले गेली का, असे कोणी विचारलेच तर “एकच ठेवलंय” हे ठरलेले उत्तर द्यावे. ते प्रत्येक वेतानंतर दिले जाते. एकूण बेरीज विचारणाऱ्याने करावी.