ऐकण्याचं यंत्र घेताना घ्यावयाची खबरदारी

गाणी, रेडिओ किंवा बोलतं पुस्तक ऐकण्यासाठी हातात मावेल असं यंत्र घ्यायचं ठरलं की बाहेरगावची माणसं आधी किंमत बघतात, मग बॅटरी, मग आवाजाचा दर्जा. कोल्हापुरात हा क्रम चालत नाही. इथं दुकानात शिरण्याआधी एकच गोष्ट ठरवायची: ऐकवायचं कुणाला? स्वतः ऐकणं ही दुय्यम बाब, ती ओघानं होतेच. तेव्हा गल्ली, तालीम, पेठ की अख्खा तालुका, हे घरातल्यांशी बोलून पक्कं करा आणि मगच खिशात हात घाला.

तालुका हवा असेल तर ट्रॅक्टरला पर्याय नाही. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसानं लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत हे फिरतं ध्वनियंत्र रस्त्यावर येतं. मडगार्डवर तारेनं आवळलेले दोन बॉक्स, स्टेअरिंगजवळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला डेक आणि त्यात चुलत्याच्या मोबाइल दुकानातून भरून आणलेला पेनड्राइव्ह. कॅसेटी जाऊन जमाना लोटला तरी याला म्हणायचं ‘टेप’च. इंजिन मुळातच मोठ्यानं बोलणारं, त्यामुळे गाण्याला त्याच्या वर चढावं लागतं आणि मागच्या गाडीच्या हॉर्नला या दोघांच्याही वर. तो हॉर्न ड्रायव्हरला ऐकू आला तर टेप नापास समजावा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. हे आकडे ड्रायव्हरला सांगून बघा. ‘एवढा तर माझा बंद असतानाच येतोय की,’ असं उत्तर मिळेल, आणि ते तांत्रिकदृष्ट्या फारसं चूक नसेल.

रेडिओप्रेमींनी जास्त सावध राहावं. नव्या मोबाइलमध्ये एफएम आहे का, हे विचारून घ्याच; पण असला तरी वायरचा इअरफोन खोचल्याशिवाय तो बहुधा बोलणार नाही, कारण ती वायरच त्याची एरिअल असते. म्हणजे हजारो रुपयांचे बिनवायरीचे इअरफोन कानात घालून हिंडणारा माणूस आकाशवाणी कोल्हापूरच्या १०२.७ मेगाहर्ट्‌झला मुकतो आणि शंभर रुपयांची वायर लोंबकळणारा बातम्या ऐकत पुढं जातो. या न्यायात ढवळाढवळ करू नये.

जुना ट्रान्झिस्टर माळ्यावर असेल तर त्याला भंगारवाल्याच्या तराजूत घालण्याआधी थोडा मान द्या. मध्यम लहरींसाठी त्याच्या पोटात फेराइटची कांडी असते आणि ती केंद्राच्या दिशेला आडवी असली की आवाज सगळ्यात खणखणीत येतो. त्यामुळे एकेकाळी सांगली केंद्र नीट लागावं म्हणून आमच्याकडं ट्रान्झिस्टर टेबलावर नव्हे, दिशा साधून ठेवला जाई. आबा तो बोट-बोटभर फिरवत. जमला की खाली खडूनं खूण करत आणि ती पुसणाऱ्याची धडगत नसे. सेल दमले की उन्हात वाळत ठेवायचे. रात्रीच्या नाटकापुरता त्यांना दम यायचा, शेवटच्या अंकाची खात्री मात्र कुणी देत नसे.

जलरोधक स्पीकर घेणाऱ्यांसाठी खास सूचना. खोक्यावर ‘आयपीएक्स ७’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास. रंकाळ्याच्या काठावर एखादी लाट अंगावर आली तर हे पुरेसं आहे. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फूट आहे, आणि २०१९ व २०२१ साली पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं. अशा वेळी स्पीकर पाण्यात टिकतो का याची चिंता सोडा. वीज तुटते, मोबाइल मान टाकतो, आणि उन्हात वाळवलेल्या सेलांच्या त्या ट्रान्झिस्टरला एकदम घरातल्या कर्त्या पुरुषाचा दर्जा मिळतो.

थोरल्यांना भेट द्यायची तर ‘सारेगामा कारवां’ हे सोपं उत्तर आहे. २०१७ साली बाजारात आलं ते मुळी ट्रान्झिस्टरचा चेहरा लावून. आत ५,००० गाणी भरलेली, शोधाशोध नाही, गोल खुंटी फिरवली की झालं. मात्र ५,००० या आकड्यानं हुरळू नका. आजी त्यातली अकरा गाणी ऐकणार आणि उरलेल्यांबद्दल ‘मधी-मधी कायबाय लागतंय’ अशी तक्रार करणार.

बोलत्या पुस्तकांचं थोडक्यात सांगतो. ही सोय १९३० च्या दशकात अमेरिकेत अंध वाचकांसाठी तबकड्यांवर सुरू झाली. आता ती मराठीतही ॲपवर मिळते. यंत्राला वेग वाढवायचं बटण असतं, त्याला हात लावू नका. आमच्या आजऱ्याच्या शिवाजी सावंतांचा कर्ण दुप्पट वेगानं ऐकायचा म्हणजे त्याच्यावर आणखी एक अन्याय.

टिकाऊपणाची खात्री कुणाला हवीच असेल तर उदाहरण घरचंच आहे. शाहू महाराजांनी दरबारी ठेवलेल्या उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर. त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर व्हॉयेजर यानातून सूर्यमालेबाहेर निघाली. सोबत सुई दिली आहे, आणि तबकडी कशी लावायची याची चित्रं वेष्टनावर कोरली आहेत. फेरे मात्र मिनिटाला १६⅔, म्हणजे तिकडच्या गिऱ्हाइकाकडं साधा ७८ फेऱ्यांचा ग्रामोफोन असला तर त्याची पंचाईत. अजून तक्रार आलेली नाही. वॉरंटी संपली असावी.

आता राहिले इअरफोन. यात दुसऱ्याला काहीच ऐकू जात नाही, त्यामुळे कोल्हापुरात हा प्रकार शिष्टपणात मोडतो. केएमटीच्या बसमध्ये दोन्ही कान बंद करून बसलात की शेजारचे काका दोन स्टॉप तुमच्याकडं बघत राहतील, तिसऱ्याला दंडाला हात लावून विचारतील, ‘काय लागलंय ओ पावणं?’ नुसतं नाव सांगून भागत नाही, एक कान काढून द्यावाच लागतो. वायरचा असेल तर ब्रेक लागला की दोघांची डोकी एकमेकांवर आपटतात, म्हणून एवढ्या एका कारणासाठी बिनवायरीचा घ्यायला हरकत नाही. फक्त काका मिरजकर तिकटीला उतरायच्या आत तो मागून घ्या. गाणं आवडलं असलं तर त्यांच्या ध्यानात राहत नाही.