एक जूनचे सभासद

आमच्या वाचनालयाची सभासदयादी एक्सेलमध्ये होती तोवर तिच्यातल्या रिकाम्या रकान्यांची कुणी विचारपूस केली नव्हती. कुणाचा फोन नाही, कुणाचं मधलं नाव नाही, कुणाची जन्मतारीख नाही. मोकळी जागा मोकळेपणानं नांदत होती. मग यादीची सीएसव्ही, म्हणजे रकाने स्वल्पविरामांनी वेगळे करणारी, फाईल करून ती पोस्टग्रेसच्या डेटाबेसमध्ये चढवायचं ठरलं आणि या जागेची झडती सुरू झाली. दोन स्वल्पविरामांमध्ये काहीच नसेल तर पोस्टग्रेस म्हणतो, ‘ठाऊक नाही’, म्हणजे नल. पण तिथे अवतरणचिन्हांची जोडी नुसतीच उभी असेल तर त्याच्या मते इथे मजकूर आहे, फक्त त्याची लांबी शून्य आहे. टपालानं रिकामं पाकीट आलं तर पत्र आलं म्हणायचं की नाही, असा हा पेच. नावाच्या रकान्यात तो खपून जातो. तारखेच्या रकान्यात असं एक पाकीट सापडलं की पोस्टग्रेस अख्खी फाईल परत करतो. मग ‘फोर्स नल’ म्हणून त्याची समजूत घालावी लागते.

बाकीच्या डेटाबेसांच्या तऱ्हा निराळ्या. ओरॅकल पाकीट आणि पोकळी यांत फरकच करत नाही. मायएसक्यूएल सैल सोडला तर रिकाम्या तारखेच्या जागी शून्य साल, शून्य महिना, शून्य दिवस लिहून मोकळा होतो. आणि एक्सेलमध्ये रिकाम्या रकान्याकडे बोट दाखवणाऱ्या सूत्राला तारखेचा पोशाख चढवला, तर ते १९०० सालच्या जानेवारीची शून्य तारीख दाखवतं. त्या दिवशी कोणता वार असेल, याचा विचार करत मी बराच वेळ चहा थंड होऊ दिला.

हसू येतं खरं, पण ही विद्या आपल्याकडे संगणकाच्या आधीपासून आहे. पोराला शाळेत घालायला आलेली आई सांगायची, ‘मोठ्या पुराच्या साली झाला, ज्वारी काढणीला आली होती तेव्हा.’ दाखल्यात पूर आणि ज्वारी लिहायला रकाना नसे. गुरुजी पोराकडे एकदा पाहत, मनाशी वर्ष धरत आणि १ जून लिहून टाकत. शाळा जूनमध्ये उघडायची, तेव्हा सोयीचंच. आमची यादी जन्मतारखेनं लावली तर १ जूनपाशी अशी गर्दी होते, की जणू मे महिना संपेपर्यंत सगळ्यांना कुणीतरी थोपवून धरलं होतं. मला या खोट्या तारखेचा राग येत नाही. ‘अज्ञात’ असा शिक्का घेऊन कुणाच्या पोरानं शाळेत शिरू नये, एवढी माया त्यात होतीच.

एडगर कॉड या संगणकशास्त्रज्ञानं १९७० साली अशा डेटाबेसांचा पाया घातला. त्यानं पुढे १९९० च्या पुस्तकात अभावाच्या दोन खुणा सुचवल्या: एक, गोष्ट आहे पण कळलेली नाही, दुसरी, ती इथे लागूच नाही. या डेटाबेसांशी बोलायची भाषा एसक्यूएल, तिनं मात्र एकाच नलवर भागवलं. त्यामुळे जिनं मधलं नाव विचारपूर्वक गाळलं ती आणि ज्याचं टंकायचं राहून गेलं तो, आमच्या यादीत शेजारी शेजारी बसतात.

तरी नल एका बाबतीत गुरुजींपेक्षा प्रामाणिक. दोन नल त्याच्या लेखी समान नाहीत. दोघांची जन्मतारीख ठाऊक नाही म्हणून दोघे एकाच दिवशी थोडेच जन्मले? पण हा प्रामाणिकपणा महागात पडतो. साठीच्या पुढचे किती, असं विचारलं तर ही माणसं यादीत येत नाहीत. बरं, साठीच्या अलीकडचे किती? तिथेही नाहीत. वाचनालयात मात्र रोज येतात, पेपरावरून भांडतात.

आता वाढदिवसाचे संदेश आपोआप जाणार. १ जूनला यंत्राची दमछाक होईल हे उघडच आहे, पण नलवाल्यांचं काय? ‘त्यांना पाडव्याला पाठवा,’ ग्रंथपालबाई म्हणाल्या, ‘पण तारखेच्या रकान्यात काही भरू नका.’ तशी ओळ लिहिली आहे. तिच्यात ‘इज नल’ असंच लिहावं लागतं. बरोबरचं चिन्ह घातलं असतं तर शुभेच्छा एकालाही गेल्या नसत्या.