मौनीबाबा आणि कानठळ्या

नगरचा माणूस रॉक संगीतावर बोलू लागला की पुण्याचे पाहुणे चहाचा कप हातात तसाच धरून थांबतात. आमच्या नावावर भुईकोट किल्ला आहे, रणगाड्यांचं संग्रहालय आहे, झालंच तर दुष्काळ आहे. गिटार कुणी आमच्या खात्यावर चढवलेली नाही. पण साठीच्या दशकातल्या रॉकचा सातबारा काढाच, इतर हक्कांत अरणगाव निघेल.

दौंड रस्त्याला अरणगावजवळ मेहेरबाबांचं मेहेराबाद आहे. बाबांनी १० जुलै १९२५ ला मौन धरलं, ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. आमच्या वाड्यात एवढं कुणी झोपेतसुद्धा गप्प राहत नाही. अशा बाबांना विलायतेत भक्त मिळाला तो कोण, तर 'द हू' या बँडचा पीट टाउनशेंड. भर कार्यक्रमात गिटारी आपटून फोडणारा! जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हणून या मंडळींची १९७६ च्या कार्यक्रमावरून गिनीज बुकात नोंद झाली. पुढं टाउनशेंडचे स्वतःचेच कान अधू झाले. गुरूनं वाचा सोडली, शिष्यानं कान सोडले.

'द हू'चा 'टॉमी' हा अल्बम १९६९ चा. न पाहणारा, न ऐकणारा, न बोलणारा पोरगा पिनबॉलमध्ये भल्याभल्यांना हरवतो, अशी त्याची गोष्ट. १९७१ मध्ये 'बाबा ओ'रायली' हे गाणं आलं. त्यातले बाबा आमचे आणि रायली म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली. आमच्या माळीवाड्यात हे सांगितलं तर पहिला प्रश्न येतो, "हे रायली कुठल्या गावचे?"

या गाण्यांना नवे गळे मिळतच राहिले. 'टॉमी'तलं 'पिनबॉल विझार्ड' त्याच्यावरच्या १९७५ च्या चित्रपटात एल्टन जॉननं गायलं. 'बाबा ओ'रायली' पर्ल जॅमवाले कार्यक्रमांत गातात. २०१५ साली तर 'द हिलबेंडर्स' या अमेरिकी मंडळींनी अख्खा 'टॉमी' बँजो-मँडोलिनवर बसवला, ड्रम न वापरता. मला तो फार आवडला. लग्नाच्या वरातींना डीजे लावणाऱ्या भाच्याला मोठ्या कौतुकानं ऐकवला.

"मामा, यात बेस कुठंय?"

मग त्यानं स्वतःच 'बाबा ओ'रायली'च्या सुरुवातीच्या ऑर्गनखाली हलगी घातली. वरात अशी नाचली की नवरदेव घोड्यावरून उतरायला बघत होता. घोडाही त्याला अनुकूल होता. आमची आत्या दर अमरतिथीला, म्हणजे बाबांच्या पुण्यतिथीला, मेहेराबादला जाते. ती म्हणाली, "बाबांचं आहे ना, वाजू दे. पण भिंतीचा गिलावा पडतोय."

खरं तर आत्याच्या बाजूनं खुद्द टाउनशेंड साक्षीला आहे. कोल पोर्टरचं १९३५ चं 'बिगिन द बेगीन' हे बाबांचं आवडतं गाणं. त्यांच्या देहत्यागानंतर ते समाधीपाशी वाजवलं गेलं. १९७० मध्ये टाउनशेंडनं ते स्वतः गाऊन ध्वनिमुद्रित केलं, तेही शांतपणे. गिटार अखंड राहिली. माझ्या मते जुनं गाणं नव्यानं गावं ते असं. हलगीवाल्या भाच्याला हे पटलेलं नाही.

दर ३१ जानेवारीला दुपारी बारा ते सव्वाबारा मेहेराबादला हजारो माणसं मौन पाळतात. त्या दिवशी लग्नतिथी असेल आणि वरात दौंड रस्त्यानं निघणार असेल, तर डीजेवाल्या भाच्यांनो, तेवढा पाव तास जनरेटर बंद ठेवा. भाडं मामा देईल.